माप

चोपड्याच्या बसस्टँडमागं माझं दुकान.
पाटीवर 'लेडीज टेलर', खाली मुलाचा मोबाईल नंबर.
सव्वीस वर्षं बायकांची मापं घेतली:
छाती, कंबर, मुंढा, बाही.
श्वास सोड, म्हणायची मी, पोट आत ओढू नकोस,
उगाच मला फसवशील, कापडाला नाही.

गाठ मशीनवरच सापडली.
वाकले, तर डाव्या बाजूला काहीतरी टोचलं.
वाटलं, बॉबिन पडली ब्लाऊजमध्ये.
हात घातला.
बॉबिन नव्हती.

दुखत नव्हती. दुखली असती तर गोळी घेतली असती.
लग्नसराई होती, अठरा ब्लाऊज बाकी होते,
आखाजी होऊ दे, म्हटलं.
आखाजी झाली. मग आणखी एक लग्न निघालं.

जळगावला दुसऱ्या मजल्यावर सहा खुर्च्या.
तिथं नाव, गाव नंतर.
आधी विचारतात, "तुनी कितवी?"
शाळेतल्या पोरीला विचारावं तसं.
पाचवी. तिसरी.
माझी पहिली, म्हटलं, आणि लाज वाटली,
उशिरा नाव घातलेल्या मुलीसारखी.

फैजपूरच्या कोकिळाबाई फेगडे म्हणाल्या,
"केसं सतराव्या दिवशी जातीन. आधीच कापून टाक,
उशीवर पाह्यवत नही.
तोंडात फोड येतीन. दही खाय,
वर्षभर भरताचं नाव काढू नको."
अमळनेरकडच्या बेबाबाई सैंदाणे हसल्या,
"लाल औषध गये का मुतबी लाल व्हस.
भ्याऊ नको. रंगपंचमी समज."

डॉक्टरांनी हे सांगितलं नव्हतं असं नाही.
पण तेव्हा मी त्यांच्या शर्टाची कॉलर बघत होते,
उसवली होती थोडी.

सुगराबाई तडवी बोलायची नाही.
एकदा नुसते हात पुढे केले. नखं काळी.
नर्सला वाटलं, केळीचा चीक लागलाय,
घड उतरवायच्या कामाला जात होती ना ती.
"चीक जात नाही धुतला तरी," सुगराबाई म्हणाली,
"हे जाईल म्हणतात."

ऑपरेशननंतर लॅबचा कागद आला.
बावीस बाय अठरा बाय पाच. सेंटिमीटर.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
माझं माप दुसऱ्या कुणी घेतलं होतं,
तेही मी आत नसताना.
मी ते इंचात करून पाहिलं.

खान्देशात कापसाला काय तोटा?
भरला. हलका. बोलता बोलता गळ्याशी यायचा.
ज्वारी भरली, तिला पोरकिडे लागले.
बेबाबाई म्हणाल्या, "मोहरी भर. वजन ऱ्हास, हालस बी."
आणि मग, तोंडाला पदर लावून,
भाच्याच्या हळदीत त्यांची पिशवी कशी फाटली,
पाटावर कशी टपटप मोहरी सांडली,
आणि विहीणबाई म्हणाल्या, दृष्ट काढली वाटतं कुणी!
सहाही खुर्च्या अशा हसल्या
की सिस्टर धावत आली, कुणाला रिअॅक्शन झाली म्हणून.

आता त्या माझ्याकडे येतात.
दुकानाचं शटर अर्धं ओढते.
आतून अस्तर, अस्तराला खिसा, खिशाला दुहेरी शिलाई.
काखेत गाठी काढल्यात, त्या बाजूचा मुंढा सैल.
टेप थंड असते, आधी हातात धरून ठेवते.
श्वास सोड, म्हणते, तर काही जणी
श्वासाबरोबर बाकीचंही सोडतात.
टेप ओली होते. माप तेवढंच राहतं.
वहीत लिहिते: उजवी छत्तीसच्या हिशोबानं.
डावी: मोहरी, पाव किलोला थोडी कमी.

सुगराबाईचं ब्लाऊज तयार आहे.
जांभळं, बाहीला बारीक काठ, तिनंच निवडलेला.
दिवाळीपासून खुंटीला आहे.
फोन लागत नाही.
खुर्चीवर आता यावलची कुणी बसते,
तिला मी विचारलं नाही, आधी इथं कोण बसायचं माहीत आहे का.

मोहरीला कुबट वास धरू नये म्हणून
महिन्यातून एकदा खिसा उसवते,
ताटात पसरून दुकानाबाहेर ठेवते.
उन्हाला इथं कमी नाही.
संध्याकाळी परत भरते,
परत शिवते.